फिगर ऑफ स्पीच ओळखली, मग पुढे काय?

फिगर ऑफ स्पीच, म्हणजे कवितेतले अलंकार, ओळखणं हे काही फार अवघड काम नाहीये, खरं सांगते. दहावीचं साधारण पोरगं चार संध्याकाळी बसलं तर सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), पर्सॉनिफिकेशन (निर्जीव वस्तूला माणूस करणं), अलिटरेशन (जवळच्या शब्दांचा सुरुवातीचा आवाज सारखा असणं), रिपीटिशन एवढं आरामात ओळखायला लागतं आणि पेपरात बहुतेक त्यातलंच काहीतरी येतं. गाडी अडते ती पुढच्या ओळीला. "एक्सप्लेन" म्हटलं की सगळे एकच लिहितात, कवीने अमक्याची तुलना तमक्याशी केली आहे म्हणून ही सिमिली आहे. झालं. म्हणजे ही सिमिली काऊन आहे, तर सिमिली आहे म्हणून. तपासणारा मार्क देऊनही टाकतो, त्याच्यापुढे गठ्ठा पडलेला असतो, तो तरी काय करेल बिचारा. पण कवीला हीच तुलना का सुचली, दुसरी का चालली नसती, ती काढून टाकली तर त्या ओळीतून नेमकं काय जातं, हे कुणी विचारतच नाही, आणि मला तर वाटतं की कविता शिकवायची म्हणजे हेच विचारत बसायचं, बाकीचं काम पाठांतर करून पण होतं.

मी नागपुरात मानेवाड्याकडे घरीच ट्यूशन घेते, नववी-दहावीची पोरं जास्त, थोडी बारावीची, काही स्टेट बोर्डाची काही सीबीएसईची, त्यामुळे एकाच टेबलावर स्टेट बोर्डाची कुमारभारती पण पडलेली असते आणि एनसीईआरटी पण. स्टेट बोर्डाला दहावीत कवितेचं अप्रिसिएशन, म्हणजे रसग्रहण, येतं पाच मार्कांचं, त्यात कवितेचं नाव, कवीचं नाव, राइम स्कीम (यमकाची मांडणी), फिगर ऑफ स्पीच आणि सेंट्रल आयडिया. पोट्ट्यांनी त्याचा साचा करून ठेवला आहे. कुठलीही कविता घ्या, नाव बदला, उत्तर तयार. "द पोएट हॅज ब्युटिफुली यूज्ड" ही सुरुवात तर मी सरळ खोडते, ब्युटिफुली म्हणजे काय ते आधी सांग म्हणते, मग पोरगं डोकं खाजवत बसते.

आधी ओळखण्यातल्या गमती सांगून टाकते कारण त्या पटकन होतात. सिमिलीची खूण म्हणजे लाइक आणि ॲज, हे शाळेत सांगितलेलं असतं, मग पोरं पेन्सिल घेऊन लाइक शोधत सुटतात आणि "आय लाइक टू प्ले" खाली रेघ मारून सिमिली लिहून मोकळी. "ॲज सून ॲज" पण सुटत नाही त्यांच्या हातून. मी त्यांना सांगते की शब्द शोधू नका, दोन वस्तू शोधा, आणि त्या दोन वस्तू वेगवेगळ्या जातीच्या पाहिजेत. माझा भाऊ बाबांसारखा दिसतो, ही नुसती माहिती झाली, माणसाला माणसासारखं म्हटलं त्यात कसली सिमिली. माझा भाऊ आमच्या कूलरसारखा आहे, आवाज जास्त आणि हवा कमी, ही झाली सिमिली. हे मे महिन्यात सांगितलं की लगेच समजते, कारण मागे कूलर तेच करून राहिलेला असतो.

अलिटरेशनमध्ये दुसरी गंमत. पोरं पहिलं अक्षर बघतात, आवाज ऐकत नाहीत. सिटी आणि कॅट दोन्ही इंग्रजीत सीने सुरू होतात पण त्यात अलिटरेशन नाही, फोन आणि फॅन मध्ये आहे, स्पेलिंग कसंही असो. डोळ्यांनी करायचं काम नाहीच ते. म्हणून मी कविता मोठ्याने वाचायला लावते, दहावीच्या पोरांना लाज वाटते, आवाज फुटलेला असतो, पण वाचावंच लागते. इंग्रज कवी कोलरिजची ती म्हाताऱ्या खलाशाची लांबलचक कविता, १७९८ ची, त्यात जहाज छान वाऱ्यावर चाललेलं असताना ओळ येते, "द फेअर ब्रीझ ब्ल्यू, द व्हाइट फोम फ्ल्यू, द फरो फॉलोड फ्री". वाचून बघा, फ फ फ करत तोंडातून हवाच जाते. आणि लगेच पुढच्या कडव्यात वारा पडतो, तिथे "डाउन ड्रॉप्ट द ब्रीझ, द सेल्स ड्रॉप्ट डाउन". फ गेला, ड आला, जीभ आपटते. वारा थांबला हे त्यानं सांगितलंच आहे, पण सांगायच्या आधी तुमच्या तोंडाला ते कळून गेलेलं असतं. आता याच्यावरून कुणी ड म्हणजे जड आणि फ म्हणजे हलका असं सूत्र वहीत लिहून ठेवू नका, डान्स पण डनेच सुरू होतो आणि फ्युनरल फने. तिथं त्या ओळीत तो आवाज काय करून राहिला तेवढंच बघायचं.

आता सिमिलीकडे परत येते कारण माझी सगळ्यात आवडती सिमिली बारावीच्या पुस्तकात आहे आणि तिच्यावर मी जरा जास्तच वेळ घालवते, पोर्शन मागे पडला तरी. दिलीप चित्रेंची फादर रिटर्निंग होम. चित्रे मराठीत पण लिहायचे इंग्रजीत पण, तुकाराम पण इंग्रजीत नेला त्यांनी. कवितेत बाप संध्याकाळच्या उशिराच्या ट्रेनने घरी येतो आहे, पिवळ्या उजेडात गप्प उभ्या माणसांत उभा, कपडे भिजलेले, रेनकोटला चिखल, आणि मग तो ट्रेनमधून उतरतो, तिथे ओळ आहे, "लाइक अ वर्ड ड्रॉप्ड फ्रॉम अ लाँग सेंटेन्स". लांब वाक्यातून एखादा शब्द गळून पडावा तसा.

मुंबईची लोकल आमच्या पोरांनी बहुतेक सिनेमातच पाहिली आहे. पण अपडाउन त्यांना बरोबर माहीत आहे. वर्धा, काटोल, भंडारा, कुणाचा बाप, कुणाचा काका, कुणाची आत्या रोज अपडाउन करतेच, सकाळी अंधारात निघायचं आणि रात्री डब्बा रिकामा घेऊन यायचं. तर मी पुस्तक बंद करायला लावते आणि म्हणते, या ठिकाणी तुम्ही दुसरी सिमिली टाका. लगेच येतं, झाडावरून पान गळावं तसा. छान आहे, वाईट नाही. पण पान गळतं ते वाळल्यावर, झाडाचा ऋतूच असतो तो, आणि गळणारं पान दिसायला सुंदर असतं, आपण त्याच्याकडे बघतो. या बापाकडे कुणी बघत नाहीये. दुसरा म्हणतो, पोत्यातून दाणा सांडावा तसा. हे जरा जवळ आलं, दाणा सांडला तर पोत्याला पत्ता नसतो. पण मग मी विचारते की वाक्यच का, शब्दच का, आणि शांतता. शेवटी एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, तो शब्द गेला तरी त्या वाक्याचा अर्थ लागतेच ना. म्हणून वाईट वाटते."

बस. याच्या पुढे मी काय शिकवू. तरी शिकवलंच, सवय असते. ट्रेन लांब वाक्यासारखी असते, डब्याला डबा जोडलेला, एक उतरला तरी पुढे चाललीच. आणि दुसरी गोष्ट, वाक्यात होता तोपर्यंत त्या शब्दाला निदान जागा होती, बाहेर पडलेला एकटा शब्द कुणाला काय सांगणार. घरी गेल्यावर नेमकं तेच होतं, पाणचट चहा, शिळी पोळी, आणि मुलं त्याच्याशी जोक शेअर करत नाहीत, गुपितं सांगत नाहीत. घरातही त्याचं कुणाशी वाक्य जुळत नाही. म्हणजे ती एक सिमिली ट्रेनमधून उतरण्यापुरती नाही, पुढचं अख्खं घर तिच्यात आधीच येऊन गेलं आहे. पान टाकलं असतं तर हे आलं नसतं. आता सांगा, "कवीने वडिलांची तुलना शब्दाशी केली आहे" एवढं लिहून यातलं काय हाती लागतं?

तर माझी युक्ती एवढीच, काढून बघ नाहीतर बदलून बघ. यंत्र दुरुस्त करणारा करतो तसं, एक पार्ट काढला की काय बंद पडलं ते बघायचं.

मेटाफरला हेच लावू. दहावीची टागोरांची कविता, व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर, १९१२ च्या इंग्रजी गीतांजलीतली ३५ वी. त्यात विचाराचा स्वच्छ झरा सवयीच्या रुक्ष वाळवंटी वाळूत वाट हरवतो असं आहे, इंग्रजीत "ड्रेअरी डेझर्ट सँड ऑफ डेड हॅबिट". गाइडमध्ये लिहिलेलं असतं, रीझनला स्ट्रीम म्हटलं आहे आणि हॅबिटला डेझर्ट सँड, मेटाफर. बरोबर आहे. आता बदलून बघा. सवयीला वाळूच्या ऐवजी भिंत म्हणा, धरण म्हणा. भिंत तर टागोरांच्या हाताशी होतीच, थोडं वरच "नॅरो डोमेस्टिक वॉल्स" येऊन गेल्या आहेत, तरी इथे त्यांनी भिंत घेतली नाही. कारण भिंत पाणी अडवते, अडलेलं पाणी साचतं, चढतं, कधीतरी फोडून जातं. वाळू अडवत नाही. वाळू पिऊन टाकते. उन्हाळ्यात कन्हान नदीच्या पुलावरून खाली बघितलं आहे का कधी? एवढं मोठं पात्र, सगळी रेती, आणि मधून एक धार कशीबशी. कुणी थांबवलं नाही तिला. सवय विचाराचं तसंच करते, भांडत नाही, विरोध करत नाही, हळूहळू जिरवते आणि आपल्याला वाटतं की आपण अजून विचार करूनच राहिलो. हे मी सांगितल्यावर एक जण म्हणाला, मॅडम म्हणजे आम्ही गाइडचं पाठ करतो तसं. वर्गात हशा. मी काही बोलले नाही, त्याला जे समजायचं ते समजलं होतं.

आणि वर सांगितलेला ड इथं पण आहे बघा, ड्रेअरी, डेझर्ट, डेड. एकाच ओळीत दोन दोन गोष्टी चालल्या आहेत. पेपरात एकच लिहायची असेल तर कोणती लिहू, हा पोरांचा पुढचा प्रश्न. जिच्याबद्दल तुला दोन वाक्यं जास्त बोलता येतात ती लिही.

पर्सॉनिफिकेशनची अडचण उलटी आहे, ते फार सोपं वाटतं. सूर्य हसला, वारा गाऊ लागला, झालं पर्सॉनिफिकेशन. मराठीच्या तासाला चेतनगुणोक्ती म्हणून पोरांनी हेच घोकलेलं असतं. पण रोजच्या बोलण्यात आपण वस्तूंना माणसासारखं इतकं वागवतो की त्यातलं कोणतं जिवंत आहे आणि कोणतं मेलेलं हे कळेनासं होतं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत आलं, तेव्हा सगळं नागपूर म्हणत होतं की पाणी घरात घुसलं. घुसलं म्हणताना कुणाच्या डोळ्यापुढे चोर नव्हता, फ्रीज वर कसा उचलायचा हेच होतं. हे मेलेलं पर्सॉनिफिकेशन. जिवंत कोणतं, तर जिथे तुम्ही त्या वस्तूकडून उत्तराची अपेक्षा ठेवता.

आणि याच्यासाठी नागपूरकरांना कुठल्या पुस्तकाकडे जायची गरजच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबत निघते ना. शंभरच्या वर वर्षं झाली त्या प्रथेला. काळी मारबत, पिवळी मारबत, एवढाले पुतळे, आणि सगळा रस्ता ओरडतो, "रोगराई घेऊन जा गे मारबत". आता हे नीट बघा काय आहे. कागद-बांबूच्या पुतळ्याला बाईमाणूस समजून "गे" म्हटलं, इथवर पर्सॉनिफिकेशन. पण त्याच्याशी समोरासमोर बोलून राहिले, त्याला काम सांगून राहिले, ही अपॉस्ट्रॉफी. जो ऐकू शकत नाही त्याच्याशी बोलायचं. पोरांना अपॉस्ट्रॉफी म्हटलं की फक्त एसच्या डोक्यावरचा तो स्वल्पविराम आठवतो आणि इकडे दरवर्षी घसा बसेपर्यंत स्वतः अपॉस्ट्रॉफी करून येतात.

आणि मारबत म्हणजे काय याचं उत्तर एकच नाही. कुणी पूतना म्हणतं, कुणी नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली त्याचा राग म्हणून काळी मारबत निघाली असं सांगतं, घरची म्हातारी माणसं म्हणतात साथीचे रोग जायला, आणि आताची पोरं डेंग्यू घेऊन जा, महागाई घेऊन जा असं ज्या वर्षी जे छळतं ते तिच्या डोक्यावर टाकतात. पुतळा तोच. सिंबॉल म्हणतात तो हा. आणि बाजूने बडगे चालतात, ज्या त्या वर्षीच्या पुढाऱ्याचं नाहीतर घोटाळ्याचं सोंग, गळ्यात पाटी, हा सटायर, म्हणजे उपहास. एका मिरवणुकीत अर्धा सिलॅबस निघून जातो, मी तर म्हणते इंग्रजीच्या मॅडमनी पोरांना वही घेऊन तिथं उभं करावं, पण त्या गर्दीत वही कोण उघडते.

याच्यानंतर अमेरिकन कवी व्हिटमनची ओ कॅप्टन माय कॅप्टन घेतली की वेगळीच लागते. लिंकनला १८६५ मध्ये गोळी घालून मारलं त्याच्यावरची कविता, लिंकन म्हणजे जहाजाचा कप्तान, जहाज म्हणजे देश, हे एक्स्टेंडेड म्हणजे कविताभर चालणारं मेटाफर सगळ्यांना येतं. पण दुसऱ्या कडव्यात तो मेलेल्या माणसाला "राइज अप" म्हणतो. ऊठ, घंटा ऐक. तो उठणार नाही हे म्हणणाऱ्याला माहीत आहे. आपल्याकडे सुद्धा मयत अंगणात ठेवल्यावर बाया असंच बोलतात ना, उठा ना हो, बघा कोण आलं. ती अपॉस्ट्रॉफी आहे हे त्या बाईला सांगायला कुणी जाऊ नये, पण व्हिटमनची ओळ समजायला तेवढं पुरतं.

आता आयरनी. याच्यात नागपूरच्या पोरांचा हात जगात कुणी धरणार नाही आणि पेपरात मात्र सगळ्यात जास्त हीच चुकते, हे मला खरंच कोडं आहे. सहाच्या ट्यूशनला कुणी पावणेसातला आला की बाकीचे काय म्हणतात, "लयच लवकर आला बे, झोप झाली नसंल." कमी मार्क पडले की "टॉपर आला, सरका सरका." जे म्हणायचं त्याच्या उलट बोलायचं, यालाच व्हर्बल आयरनी म्हणतात, आणि हे लोक ती दिवसातून शंभरदा करतात. मग पुस्तकात का दिसत नाही, तर पुस्तकात आवाज नसतो. "आला बे" मधला तो हेल कागदावर येत नाही. त्यामुळे छापलेलं वाक्य पोरं सरळच वाचतात.

ज्युलियस सीझर मधलं अँटनीचं भाषण यासाठी मी सगळ्यांनाच वाचायला देते, कोणाच्या सिलॅबसला असो नसो. सीझरचा खून झाला आहे, ब्रूटसच्या परवानगीनेच अँटनी बोलायला उभा आहे, म्हणजे ब्रूटसला वाईट म्हणता येत नाही. तर तो म्हणतो, ब्रूटस इज ॲन ऑनरेबल मॅन. पहिल्यांदा म्हणतो तेव्हा ते खरंच आदराने म्हटल्यासारखं वाटतं. मग सीझरची एक चांगली गोष्ट सांगतो आणि परत, पण ब्रूटस तर ऑनरेबल माणूस आहे. परत एक गोष्ट, परत ऑनरेबल. शब्द एकही बदलला नाही आणि शेवटी तीच ओळ शिवी होऊन जाते, रोमचे लोक घरं जाळायला धावतात. मी एका पोराला अँटनी केलं आणि सांगितलं की प्रत्येक वेळी ऑनरेबल थोडं वेगळं म्हण, तिसऱ्या वेळेपर्यंत त्याच्या तोंडून ते अगदी "टॉपर आला" सारखं निघालं. मग आयरनी आणि रिपीटिशन वेगळे प्रश्न राहिलेच नाहीत, एकाने दुसऱ्याला कसं पोसलं ते दिसलं.

सिच्युएशनल आयरनीला, म्हणजे व्हायला पाहिजे त्याच्या उलटच होतं तिला, हेन्री लीची जुळ्या भावांची कविता बेस्ट, आयुष्यभर एकाच्या ऐवजी दुसऱ्याला धरलं आणि त्यातला एक भाऊ सांगतो की शेवटी मी मेलो तर शेजाऱ्यांनी येऊन भावालाच पुरलं. पोरं हसतात, हसू दिलं पाहिजे. ड्रमॅटिक आयरनी म्हणजे बघणाऱ्याला माहीत आणि पात्राला नाही, मॅकबेथमध्ये राजा डंकन किल्ल्यापाशी येऊन इथली हवा किती छान आहे म्हणतो आणि आपल्याला माहीत असतं की रात्री त्याला तिथेच मारायचं ठरलं आहे. सिरियल बघणाऱ्या आज्यांना ही सगळ्यात चांगली येते, "अगं नको पिऊस ते दूध" म्हणून टीव्हीवर ओरडतात.

सिंबॉलबद्दल माझी थोडी तक्रारच आहे. मारबतीत तो सोपा वाटला कारण ती आपली आहे. पण पुस्तकातले सिंबॉल पोरं यादी करून पाठ करतात, कबूतर म्हणजे शांती, लाल म्हणजे धोका, कावळा म्हणजे अशुभ. सीबीएसईला दहावीत अमेरिकन कवी फ्रॉस्टची डस्ट ऑफ स्नो आहे, एवढीशी आठ ओळींची, हेमलॉकच्या झाडावरून कावळ्याने अंगावर बर्फाची भुकटी पाडली आणि त्या माणसाचा वाया चाललेला दिवस थोडा सुधारला. गाइडवाले काय म्हणतात, हेमलॉक विषारी झाड म्हणून दुःखाचं प्रतीक. आता सॉक्रेटिसला जे हेमलॉक पाजलं ते गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं एक रोपटं, ते विषारी खरं. अमेरिकेतलं हेमलॉक झाड वेगळंच आहे, पाइनच्या कुळातलं, सुया असलेलं, बर्फ धरून ठेवणारं, आणि ते विषारी नाही. फ्रॉस्ट तिकडच्याच भागात राहायचा, शेती केलेला माणूस, त्याला आपल्या दारचं झाड माहीत नसेल काय. नावात विषाची सावली आहे, ती त्याला चालली असेल, कदाचित पाहिजेच असेल. पण "विषारी झाड" असं लिहिणं म्हणजे त्या झाडावर उगाच आळ घेणं झालं.

आणि कावळा. माझ्याकडे एका पोराने हात वर करून विचारलं, "मॅडम, कावळा म्हणजे पितर ना? मग त्याच्या आजोबानं बर्फ टाकला का अंगावर?" सगळे हसले, मी नाही हसले कारण पोराने सिंबॉल वाचायचाच प्रयत्न केला होता. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवतो, कौलावर ओरडला तर पाहुणा येतो. तिकडे त्याचा अर्थ वेगळा. मग ठरवायचं कसं, तर कवितेलाच विचारायचं. या आठ ओळींत पितराचा काही पुरावा आहे का? नाही. काळा पक्षी, गडद झाड, पांढरा बर्फ, आणि मूड बदलणं, एवढंच आहे. ज्याला आपण चांगलं समजत नाही त्याच्याकडूनच चांगलं झालं, इथपर्यंत कविता नेते, पुढे नेत नाही. त्याला म्हटलं तुझा अर्थ मस्त आहे, त्याच्यावर तू स्वतः कविता लिही.

बाकीच्या गोष्टी मी भराभर घेते. हायपरबोलीला, म्हणजे अतिशयोक्तीला, नागपुरात एक अडचण आहे, पारा ४५ च्या वर जातो, नवतपा (मे अखेरचे तापते नऊ दिवस) लागला की डांबर मऊ पडते, त्यामुळे "रस्ता वितळला" ही अतिशयोक्ती की बातमी तेच ठरत नाही. मग त्यांना आजीचं दमडीचं तेल सांगावं लागतं, सासूबाईचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली आणि उरलेल्या तेलात उंट पोहून गेला, हे खरं होऊच शकत नाही आणि म्हणून मजा. ओनोमॅटोपिया, म्हणजे आवाजावरूनच झालेला शब्द, तो सांगायला मेहनत नाही. ट्रान्सफर्ड एपिथेटला (एकाचं विशेषण दुसऱ्याला लावणं) इंग्रज कवी ग्रेची ओळ पुरते, नांगर चालवून थकलेला शेतकरी "वेअरी वे" ने घरी जातो, थकलेली वाट नसते, थकलेला तो असतो, पण दिवसभर राबलेल्या माणसाला वाटच संपत नाही म्हणून थकवा रस्त्याला चिकटला. ऑक्सिमोरॉन आणि पॅराडॉक्समध्ये गोंधळ होतो, जवळजवळचे दोन शब्द भांडत असतील तर ऑक्सिमोरॉन, अख्खं विधान भांडत असेल तर पॅराडॉक्स, दहावीला एवढं बास.

राइम स्कीमबद्दल एक. टागोरांच्या त्या कवितेला यमक नाही, ती फ्री व्हर्स आहे, तसंच लिहायचं. घाबरून एबीसीडी लिहू नका, यमक नाही हे उत्तर असू शकतं.

आता पालकांचा प्रश्न, कारण वाचणाऱ्यांत पालकच जास्त आहेत हे मला माहीत आहे. एवढं सगळं करून मार्क किती, तर अप्रिसिएशनमध्ये फिगर ऑफ स्पीचला एक. हव, एकच. त्याच्यासाठी दोन-तीन छोटी वाक्यं पुरतात. पहिल्यात नाव आणि कोणती गोष्ट कोणाला म्हटली. दुसरं "बिकॉज" ने सुरू कर आणि त्यात तुलना हा शब्द येऊ देऊ नको, ही माझी अट. तुलना शब्दच नाही वापरायचा म्हटलं की पोराला काहीतरी खरं लिहावंच लागतं. टागोरांसाठी माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं ते साध्या मराठीत सांगते, सवय विचाराला थांबवत नाही, ती त्याला हळूहळू पिते. इंग्रजी त्याचं मोडकंतोडकंच होतं, ग्रामरची एक चूक पण होती. मी पूर्ण मार्क दिले.

मग गाइड घ्यायचं की नाही? घ्या ना, मी कुठं नाही म्हणते, अवघड शब्दांचे अर्थ असतात, मागे जुने पेपर असतात. फक्त फिगर ऑफ स्पीचच्या टेबलात उजवीकडे जो एक्सप्लनेशनचा रकाना असतो ना, त्याच्यावर सेलोटेपने कागद चिकटवा. पोरानं आपलं लिहून झालं की मग काढा.